पंख्याखालची कॉट

मराठवाड्यातली एक अख्खी पिढी एक जूनला जन्मली. त्यात आयांचा काही दोष नाही. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला तारीख आठवायची नाही, गुरुजींना थांबायला सवड नसायची, मग एक जून ठोकून द्यायचा. पाचोडच्या शाळेत करुणा साळवेच्या नावापुढेही तसाच एक जून पडला. खरं तर ती ऐन थंडीतली, आई शेवटपर्यंत सांगायची. पण सरकारदरबारी गुरुजींचं अक्षर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणून एकतीस मेला, कागदोपत्री अठ्ठावन्न वर्षं भरली म्हणून, महिला वॉर्डाच्या इन्चार्ज करुणा सिस्टर निवृत्त होणार होत्या. "माझे सहा महिने गुरुजींनी खाल्ले," असं त्या हसत हसत म्हणायच्या, पण हसताना डोळे हसत नसत.

चार वाजता सभागृहात निरोप समारंभ होता. साडी, श्रीफळ, केक, सगळं आलं होतं. "सिस्टर, आज तुम्ही नुसतं खुर्चीवर बसा," असं पोरींनी बजावलं होतं. पण जित्याची खोड. दुपारी एकची इंजेक्शनं मीच देणार, शेवटची, असं सिस्टरांनी जाहीर केलं आणि ट्रे उचलला. सोबत श्रेया होती, चितेगावची, नोकरीला लागून सहा महिने झालेली. तिने ऐकायचं आणि सिस्टरांनी सांगायचं, हे दोघींचं ठरूनच गेलं होतं.

त्या दिवशी तर सांगण्याला ऊतच आला होता. काचेच्या सिरिंजा कशा रोज उकळायच्या, बोथट सुयांना दगडावर धार कशी लावायची, खळ घातलेली टोपी मानेला कशी टोचायची. हॉस्टेलच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पन्नास पांढऱ्या साड्या. आणि या सगळ्याच्या मधोमध मनकर्णा सिस्टर, त्यांच्या वेळच्या इन्चार्ज. आवाज असा की डॉक्टरसुद्धा सरळ उभे राहायचे.

"शिकत होते तेव्हा गं," सिस्टर इन्शुलिन भरता भरता सांगत होत्या, "एका बाईला टेस्ट न करताच पेनिसिलिन दिलं मी. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. वाचली, नशीब. मी कोपऱ्यात रडायले. मनकर्णा सिस्टरांनी नातेवाइकांना सांगितलं, अंगात उष्णता झालीय. आणि मला आपल्या खोलीत नेऊन आल्याचा चहा पाजला. म्हणाल्या, चूप. रडू नको. पुढं नीट कर. आईच होती बघ ती."

हा किस्सा त्यांनी प्रत्येक बॅचला सांगितला होता. आठ नंबरच्या कॉटवर बाई कुशीवर झोपली होती. सिस्टरांनी कॉटला लटकवलेला कागद पाहिला, दंड पुसला, सुई दिली आणि पुढे गेल्या.

आता त्या वॉर्डाची एक रीत सांगायला हवी. तिथले अर्धे पंखे नुसते शोभेचे. मे महिन्यात बाया आपापसात ठरवून कॉटा बदलतात. जिला ताप जास्त, तिला फिरत्या पंख्याखाली जागा. माणूस हलतो, कागद मात्र जुन्याच कॉटला लटकत राहतो. हे त्या वॉर्डात सगळ्यांना माहीत. "कॉट बघून सुई देऊ नका, तोंड बघा, नाव विचारा," हे करुणा सिस्टरांनीच शेकडो पोरींना घोकून घेतलं होतं. पण त्या दिवशी त्यांचा हात आठ नंबरवर होता आणि जीव मनकर्णा सिस्टरांच्या खोलीत.

दहा मिनिटांत जेवणाची गाडी आली. लांब अकरा नंबरवरून गीताबाई ओरडल्या, "सिस्टर, ताट आलं की. माझी सुई ऱ्हायली ना!"

गीताबाई, साखरेच्या पेशंट. सकाळपर्यंत पंख्याखाली, आठ नंबरवर होत्या.

सिस्टरांनी ट्रे तिथेच टेकवला. त्या आठ नंबरकडे धावल्या. तिथे द्वारकाबाई होती, लासूर स्टेशनची, टायफॉइडची. चार दिवस पोटात धड अन्न नव्हतं. तिचा नवरा बन्सी, तिकडच्या धान्याच्या मोंढ्यात हमाली करणारा, पायथ्याशी बसला होता. तो कौतुकाने म्हणाला, "आत्ताच झोप लागली बगा. सुई दिलेली कळलीबी नाय तिला. तुमचा हात लई हलका."

सिस्टरांनी श्रेयाला बाजूला घेतलं. "शुगर बघ हिची. पंचवीस टक्क्यांचं डेक्स्ट्रोज काढून ठेव. आणि डॉक्टरांना फोन लाव. इन्शुलिन हिला दिलं मी."

श्रेयाचा चेहरा उतरला. पण पोरगी हुशार होती. तिने शुगर पाहिली, चौऱ्याऐंशी. मग फोन हातात धरून तशीच उभी राहिली.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "सलाईन तर चालूच हाय. बाटली बदलते, साखरवाली, डेक्स्ट्रोजची लावते. मी बसते संध्याकाळपर्यंत हिच्याजवळ, दर तासाला बघते. कुणाला कळणार नाय. आज तुमचा दिवस हाय."

"अगं पण..."

"तुम्हीच तर सांगितलं ना आत्ता. मनकर्णा सिस्टरांनी तुमच्यासाठी केलंच की."

तिच्या डोळ्यांत इतकी माया होती की सिस्टरांना क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, फार वाटलं. छत्तीस वर्षांत नावाला डाग नव्हता. कळवलं तर चौकशी लागणार. चार वाजता ज्यांच्या तोंडून कौतुक ऐकायचं, त्यांच्याच तोंडून "करुणानं असं केलं?" ऐकायचं. आणि बाईला धोका तसाही टळला असता; श्रेया म्हणत होती ते औषधोपचाराच्या दृष्टीने चूक नव्हतंच.

मग त्यांना ती पेनिसिलिनवाली बाई आठवायला लागली, आणि आठवेना. मनकर्णा सिस्टरांच्या हातातलं घड्याळ आठवत होतं, कपाचा उडालेला कान आठवत होता, चहातलं आलं अजून जिभेवर होतं. त्या बाईचं नाव मात्र आठवेना. चेहराही नाही. गंगापूरकडची होती बहुतेक. पेनिसिलिन आपल्याला चालत नाही, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. पुढे कधी दुसऱ्या दवाखान्यात कुणी तीच सुई दिली असेल तर? इतकी वर्षं हा किस्सा सांगितला, बॅचमागून बॅचला सांगितला, आणि हा प्रश्न एकदाही मनात आला नव्हता. सिस्टरांना स्वतःची शरम वाटली. मनकर्णा सिस्टरांचा रागही आला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तो राग फार दुखला.

"फोन लाव," त्या म्हणाल्या. "बाटलीही बदल. पण फोन लाव."

त्या बन्सीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बन्सीभाऊ, माझ्या हातून चूक झाली. अकरा नंबरच्या बाईची सुई मी तुमच्या मंडळींना दिली. साखर उतरवायची सुई आहे. आता घाम येईल, थरथर होईल, साखर फार उतरली तर धोका आहे. त्याच्यावर औषध लावतोय. डॉक्टर येतायत. रात्रीपर्यंत दर तासाला रक्त तपासावं लागेल."

बन्सी उठून उभा राहिला. त्याला ओरडता येईना, सिस्टरांच्या वयाकडे बघून असेल. "तुम्ही तर लई जुन्या ना, बाई?"

"व्हय."

"मंग?"

सिस्टर वाकल्या आणि द्वारकाबाईची नाडी बघू लागल्या.

अडीचला द्वारकाबाई घामाने भिजली, हात कापायला लागले. शुगर चोपन्न. डॉक्टर तिथेच होते. शिरेतून डेक्स्ट्रोज दिलं आणि पाऊण तासात शुगर सव्वाशेवर आली. "वेळेवर कळलं म्हणून," डॉक्टर बन्सीला म्हणाले, "झोपेतच उतरली असती तर अवघड होतं." तोवर सिस्टर टेबलाशी बसून सगळं लिहून आल्या होत्या, कोणती सुई, किती, कुणाला, कुणी. कागद मेट्रन मॅडमच्या हातात दिला, त्यांनी तो वाचला. "करुणा, आजच लिहायचं होतं का गं?" एवढंच म्हणाल्या आणि सही केली.

पावणेचारला पुन्हा रक्त तपासायची वेळ झाली. सिस्टरांनी मशीन घेतलं. द्वारकाबाई आता जागी होती. तिने सिस्टरांना येताना पाहिलं आणि आपला हात पदराखाली ओढून घेतला.

बन्सी मधे आला. "बाई, तुम्ही खरं सांगितलं. दुसरं कुणी सांगितलं नसतं, ते कळतं मला. पण आता तुम्ही नका हात लावू तिला. भेती ती. ही पोरगी करंल."

सिस्टरांनी मान हलवली. मशीन श्रेयाच्या हातात दिलं. श्रेया रडकुंडीला आली होती. तिला त्या म्हणाल्या, "नाव विचार आधी," आणि वॉर्डाच्या दाराबाहेर गेल्या.

सभागृहातून माईक ठोकल्याचा आवाज येत होता. कुणीतरी त्यांचं नाव दोनदा पुकारलं. सिस्टर तिकडे गेल्या नाहीत. दाराबाहेरच्या बाकावर नातेवाईक दाटीवाटीने बसले होते. छत्तीस वर्षं त्या या बाकावरून लोकांना उठवत आल्या होत्या; आज पहिल्यांदा टेकल्या. शेजारी मांडीवर डबा घेतलेली एक म्हातारी बसली होती. गणवेश तिला दिसला नसेल, किंवा दिसूनही काही वाटलं नसेल. तिने सरकून जागा दिली आणि विचारलं, "तुमचं कोण हाय, बाई, आत?"

"द्वारकाबाई," करुणा सिस्टर म्हणाल्या. "रक्त तपासायलेत तिचं."