भाकरीचे दहा, घोंगडीचे दहा

भर दुपारच्या चिडीचूप शांततेत तांब्या रांजणाच्या तळाला लागला आणि टण्णकन आवाज झाला. बानाबाईनं हात तसाच आत धरून ठेवला. आवाज तो केवढा, पण तेवढ्यानं लेक सारजा जागी झाली, कुडाला बांधलेल्या कबरी शेळीनं मान वर केली, आणि बाजेवर पडलेली सासू दगडाबाई डोळे न उघडताच म्हणाली, "संपलं व्हय?"

"हाय दोन तांबे," बानाबाई म्हणाली. होता एकच.

त्र्याहत्तर सालचा चैत होता. मुकुंदवाडी तेव्हा औरंगाबादेच्या वेशीबाहेरचं खेडंच. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं आणि त्या दिवशी कामाला सुट्टी होती. बानाबाईचा नवरा मुंजाबा उरलीसुरली मेंढरं घेऊन गोदाकाठानं खाली उतरला होता. "हिरवं दिसंल तिथं थांबीन," असं सांगून गेला होता. अजून थांबल्याचा निरोप नव्हता, म्हणजे कुठं हिरवं दिसलेलं नव्हतं.

कबरी शेळी तेवढी त्यानं मागं ठेवली होती, सारजासाठी. पोर नुकतीच गोवरातून उठली होती. हातात धरली तर जीव कापसासारखा लागायचा. बानाबाई रोज तिला न्हाऊ घालायची, ते पाण्यानं नाही, ओल्या फडक्यानं, आणि पुसता पुसता बोटांनी बरगड्या चाचपायची. आज कालच्यापेक्षा एखादी कमी लागते का, असं बघायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पोरीला रोज दूध पाजा. जसं काही दूध चिंचेला लागतं आणि बानाबाईला फक्त झाड हलवायचा आळस होता.

पण कबरी गाभण होती. महिन्याभरात व्याली असती, आणि मग दूधच दूध. प्रश्न त्या एका महिन्याचा होता. जनावरांच्या छावणीवर बानाबाई गेली, तर तिथल्या माणसानं सांगितलं, "बाई, हितं गाय-बैल घेतेत. शेळी जनावरात धरीत नायत." कबरीला हे कुणी सांगितलेलं नसल्यामुळं ती भूक मात्र जनावरासारखीच लावून घेत होती. सोळा रुपयांचा कडबा मिळाला असता तर महिना निघाला असता. नाहीतर उद्या सकाळी शहरातून फकिरा खाटीक येणार होता. तसा निरोप जाऊनही झाला होता.

खडीची मजुरी रेशनालाच पुरत नव्हती, आणि सोळा रुपये उभे करायला घरात एकच वस्तू होती. घरच्या मेंढरांच्या लोकरीची, मुंजाबानं विणून आणलेली काळीभोर नवी घोंगडी. ती आठ दिवस कुडावर टाकून ठेवली होती, विकायला. चैताच्या उन्हात घोंगडी. गाव हसायचं तेवढं हसून झालं होतं.

त्या उन्हात घोंगडी घेईल असा माणूस सगळ्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो त्या दुपारी वाट वाकडी करून तिच्या दारात आला.

त्याला आणलं कडूबानं. कडूबा दुष्काळी कामावर हजेरी लिहायचा. मॅट्रिकला दोनदा बसला होता, दोन्ही वेळा इंग्रजीत गेला होता, आणि त्यामुळं गावात इंग्रजीचा जाणकार तोच होता. त्याच्या मागं एक तांबडालाल उंच पोरगा. डोक्यावर झिपऱ्या, गळ्यात रुद्राक्षासारख्या मण्यांची माळ, चोळणा गुडघ्यावर फाटलेला, पाय अनवाणी.

"मावशी, अमेरिकेचा हाय," कडूबा म्हणाला. "वॉल्टर नाव. लेण्या बघून झाल्या, आता म्हणतो खेडं बघायचंय. पाणी मागतोय."

पाण्याला नाही म्हणायचं नसतं. बानाबाईनं तो एक तांब्या भरून दिला. वॉल्टरनं अर्धा पिला आणि अर्धा, डोळे मिटून, मानेवर ओतला. दगडाबाई ते ओघळणारं पाणी मातीत जिरेपर्यंत बघत राहिली.

"कुणाचं लेकरू रं," ती म्हणाली. "अंगावर धड कापड नाय. काय झालं त्याला? बापानं टाकलं?"

कडूबानं विचारलं. वॉल्टर बराच वेळ आनंदानं बोलला.

"नाय मावशी. बाप चांगला हाय, बापाच्या तीन मोटारी हायत. हा आपणहून निघालाय. म्हणतो, रोज एका रुपयात जगून बघायलोय. तीन महिने झाले."

"एका रुपयात?" दगडाबाईला खरंच वाईट वाटलं. "मंग मस्टरवर नाव लाव की त्याचं. खडी फोडंल. आमच्या बानीला बी तीन रुपये मिळतेत."

"अगं, त्याला गरिबीच बघायचीय."

"मंग तर सोईचं झालं," दगडाबाई म्हणाली, "बस म्हणावं हितंच."

वॉल्टरची नजर घोंगडीवर गेली होती. त्यानं तिच्यावरून हात फिरवला, नाकाशी नेली, मेंढराच्या वासानं त्याचं तोंड उजळलं. "कितना?" हा एक शब्द त्याला चांगला येत होता.

"पंचवीस," बानाबाई म्हणाली. म्हणजे वीस, म्हणजे अठरा, म्हणजे सोळाच्या खाली नाही. हा हिशेब इथं शेंबड्या पोरालाही कळतो.

वॉल्टर हसला, झोळीतून एक जाडं पुस्तक काढलं, बोटानं एक ओळ शोधली आणि म्हणाला, "सात."

"पुस्तकात लिहिलंय," कडूबा जरा ओशाळून म्हणाला, "की हिकडं जी किंमत सांगतेत तिच्या तिसऱ्या हिश्शाच्या खाली हात घालायचा. अन लोकाला घासाघीस आवडती, नाय केली तर मन दुखतं त्यांचं."

बानाबाईला नवल वाटलं. आपलं मन कशानं दुखतं हे सातासमुद्रापार कुणीतरी छापून ठेवलं होतं, आणि तिला विचारलंही नव्हतं.

"बावीस," ती म्हणाली.

"आठ."

"विसाला दे म्हणावं. लोकर घरची हाय. पाऊस आत येत नाय हिच्यातून."

"पाऊस कुठंय?" वॉल्टरनं विचारलं.

ती सोळावर येऊन थांबली. तो दहावर. मग पुस्तकात लिहिल्याप्रमाणं तो पाठ फिरवून चालायला लागला. बाई मागून हाक मारील, असं त्यात होतं. बानाबाईचं पुस्तक वेगळं होतं. गिऱ्हाईक आपणहून मागं वळलं तरच भाव टिकतो, हे ती बाजारात आईच्या पदराला धरून शिकली होती. तिनं घोंगडीची घडी घालायला घेतली. तो लिंबापर्यंत गेला आणि तिथं उभा राहिला. ती घडी मोडून पुन्हा घालायला लागली. उन्हाची नुसती काहिली. मध्ये कडूबा, ह्याच्याकडं बघ, तिच्याकडं बघ. आणि मग लिंबाखालचा तांबडा गडी गुडघ्यातून वाकला आणि मटकन खाली बसला.

"भुकंनं," दगडाबाई उठलीच. "रुपयात काय व्हतंय तवा. आण रे त्याला आत."

सकाळच्या तीन भाकरी होत्या, संध्याकाळसाठी झाकून ठेवलेल्या. दोन त्याच्या ताटात गेल्या, वर मिरचीचा ठेचा. रेशनवरच्या लाल जवारीची भाकरी. थापताना चिरत होती, भाजताना फाटत होती, पण पोटात गेली की निमूट बसत होती. वॉल्टर पहिल्या घासाला ठेच्यानं रडला, आणि मग बोटं चाटून दोन्ही भाकरी संपवल्या. असं आपण जन्मात खाल्लं नाही, असं म्हणाला. ही कसली, असंही विचारलं.

कडूबाला हे सांगताना लाजल्यासारखं झालं. "तुमचीच हाय. अमेरिकेतून येती जहाजानं. मिलो म्हणतेत."

वॉल्टरनं ताटात उरलेला कण बोटावर घेऊन बघितला. आठवून म्हणाला, तिकडं त्याच्या चुलत्याच्या शेतावर ही पिकते, पण माणसं खातात हे त्याला ठाऊक नव्हतं, गुरांना घालतात.

हे भाषांतर कडूबानं केलं नाही. तो म्हणाला, "लई गोड झाली म्हणतो, मावशी."

त्यानंतर वॉल्टरनं झोळीत हात घातला आणि दहाची कोरी नोट ताटाशेजारी ठेवली. डोळे भरून आले होते त्याचे, आणि ह्या वेळी ठेच्यानं नाही.

"हे काय?" दगडाबाईनं विचारलं.

"भाकरीचे म्हणतो. घ्याच म्हणतो."

म्हातारीनं नोट उचलली, घडी घातली, आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात खोल कोंबून वरून थापटली, जशी सारजाच्या झबल्यात दाणे कोंबायची तशी. "सांग त्याला. मी काय खानावळ मांडली नाय. घरात बसून खाल्लं त्याचं मोल घेतलं तर सात पिढ्या उपाशी मरतेत."

बानाबाई चुलीपाशी उभी होती. ताटातून हातात आणि हातातून खिशात गेलेली ती नोट तिनं सगळ्या वाटेनं बघितली. दहा ते, आणि दहा घोंगडीचे. कबरी व्यायची आणि वर चार रुपये उरायचे. सात पिढ्यांचं पुढं बघता आलं असतं, ही एक पिढी तेवढी दूध प्यायली असती. पण सासूनं म्हटलं ते खोटं आहे असं तिला म्हणवेना, कारण तिलाही ते खोटं वाटत नव्हतं. मग तिला एक युक्ती सुचली.

"कडूभावजी," ती हळूच म्हणाली, "त्याला म्हणावं, भाकरीचे नगं. तेच दहा घोंगडीवर ठेव. न्हायतर सहाच ठेव. सोळाला ने."

कडूबानं जीव लावून सांगितलं, हातवारे करून, दोनदा. वॉल्टरनं नीट ऐकून घेतलं. विचारही केला. मग खेदानं मान हलवली.

"नाय म्हणतो," कडूबा म्हणाला. "म्हणतो भाकरी मनाची गोष्ट हाय, तिला शंभर बी देईन. पण घोंगडी धंदा हाय. धंद्यात जास्त दिले तर ती फसवणूक झाली, अन तुम्ही आपल्याला फसवलं असं त्याला वाटून घ्यायचं नाय."

एकाला भाकरीचे देता येत होते, घोंगडीचे नाही. एकीला घोंगडीचे घेता येत होते, भाकरीचे नाही. दोघंही आपापल्या जागी शहाणे होते आणि मध्ये कुडापाशी कबरी दोरी चघळत होती.

शेवटी घोंगडी दहाला गेली. वॉल्टरनं ती खांद्यावर टाकली, त्या उन्हात, आणि घामानं निथळत, हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. जाताना गळ्यातली मण्यांची माळ काढून सारजाच्या गळ्यात घातली. ती तिच्या बेंबीपर्यंत आली. कडूबानं वाटेत विचारून घेतलं आणि संध्याकाळी येऊन सांगितलं, माळ त्यानं नेपाळात घेतली होती, पंचवीस सांगितले होते, घासाघीस न करता दिले, कारण विकणारी बाई फार म्हातारी होती.

"मंग म्या जरा म्हातारी व्हाया पायजे व्हते," बानाबाई म्हणाली. दगडाबाई बाजेवरून म्हणाली, "व्हशील की, घाई काय."

सकाळी फकिरा खाटीक आला. धिप्पाड, पानानं तोंड रंगलेलं, बोलणं कुणी ऐकलं तर वाटावं भांडायलाच आलाय. कबरीच्या पोटावरून, कासेवरून त्यानं हात फिरवला आणि उखडला.

"बाई, ही तर गाभणी हाय. निरोपात सांगितलं नाय. गाभण्या जनावरावर सुरी नाय फिरवत मी, माझ्या बापानं बी फिरवली नाय. फुकट चक्कर झाली माझी."

"मंग काय करू? ठिऊ कशावर?" बानाबाईनं पदराच्या गाठीतली दहाची नोट दाखवली. "ह्येवढ्यात अठरा रोजाचा कडबा येतो. फुडं?"

फकिरानं नोटेकडं बघितलं, कुडाकडं बघितलं, गळ्यात माळ घालून अंगठा चोखणाऱ्या सारजाकडं बघितलं. मग खेकसला, "ते दहा हिकडं आण. अर्धलीनं सांभाळाया नेतो. माझ्याकडं हॉटेलांचे देठ, साली लई पडतेत, खाईल. व्याली की शेळी तुझी, करडू माझं."

"करडू मादी झाली तर माझी," बानाबाई म्हणाली.

"मादी बी माझी."

"मंग दहा नाय, सात घ्या."

"अगं, गाडीवाल्याला चार जातेत माझे."

"आठ घ्या. अन दोन झाली तर एक माझं."

"खाटकाला कापाया निघालीस का बाई तू?" फकिरा म्हणाला, पण आठ घेतले, आणि दोन झाली तर एक तिचं, हेही कबूल केलं. सगळा वेळ तो असा चिडलेला होता की कुणाला वाटू नये तो काही देऊन चाललाय. बानाबाईलाही तसं वाटलं नाही. म्हणूनच तिला ते घेता आलं.

कबरी त्याच्या मागं चालू लागली. सारजाचा ओठ बाहेर आला, तेव्हा बानाबाईनं तिला कडेवर घेतलं. कालच्यापेक्षा हलकी लागली, की तसा भास झाला.

"येती ती महिन्यानं," ती म्हणाली. "दूध घेऊन येती."

सारजानं मान हलवली. धूळ खाली बसेपर्यंत ती वाटेकडं बघत होती. मग म्हणाली, "माय, त्या बाबानं पैसे दिलते. आजीनं का नाय घेतले?"

"भाकरीचे व्हते. आपल्या घरी जो येऊन जेवतो, त्याचे पैसे नसतेत घ्यायचे."

"कुणीच नाय घेत?"

"कुणीच नाय."

पोर मणी मोजत राहिली, तिला चारपर्यंतच येत होते, पुन्हा पुन्हा चार. मग तिनं आईचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडं वळवला.

"मंग आपल्याला भूक लागली, अन आपण त्याच्या गावाला गेलो, तर त्याची माय बी आपल्याला जेवू घालील ना?"