न पाहिलेल्या काचा

रक्ताचा जाड थेंब काचेवर वाळला की त्याची कड गोल आणि सलग असते. ज्योत्स्नाच्या हातातल्या काचेवर ती कड आत-बाहेर कुरतडलेली होती. मधल्या भागात बारीक भोकं पडली होती आणि त्यांतून खिडकीचा उजेड येत होता. तिनं दुसरी काच उचलली. तिच्यावर थेंबाचा नुसता पिवळट डाग उरला होता. तिसरीवर तोही नव्हता. डब्याच्या कोपऱ्यात एक लाल मुंगी अजून फिरत होती.

रंग दिलेला नसेल तर वाळलेलं रक्त मुंग्या खातात, हे तिला शिकताना सांगितलं होतं. तेव्हा वर्गातले सगळे हसले होते.

ज्योत्स्ना कुरखेड्याच्या पुढच्या एका आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन होती. नदीपलीकडच्या केंद्रातला टेक्निशियन बदलून गेला, तेव्हा डॉक्टरांनी तिला थोडे दिवस तिकडचंही पाहायला सांगितलं. ती हो म्हणाली. त्या थोड्या दिवसांना आता वर्ष होऊन गेलं होतं. तिकडच्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेलेला, त्यामुळे हिवतापासाठी तपासायच्या, तापाच्या रुग्णांच्या काचा डब्यात घालून ती स्कूटीवरून इकडे आणायची आणि इथे तपासायची. घरी बचत गटाच्या बैठका तिच्याच ओसरीवर, जावेच्या मुलांचा अभ्यास तिच्याकडे. तिचा नवरा प्रवीण पाव्हण्यांत बसून सांगायचा, "हिले झाडावर चढ म्हटलं त विचारन, कोणत्या?" सगळे हसायचे, तीही हसायची. जमत नाही हे डॉक्टरांना सांगायचं ती दर सोमवारी ठरवायची आणि त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत यायची.

परवा ती नदीपलीकडून काचा घेऊन निघाली, तेव्हा सासूचा, सुगंधाबाईंचा, फोन आला. दुसऱ्या दिवशी गावची मंडई होती. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं आणि दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घरोघर पाव्हणे. या पाव्हण्यांना आवतण लागत नाही आणि त्यांना कोणी परतवत नाही. पाव्हणे येऊन बसले, तू कुठी हायस, असं सुगंधाबाईंनी विचारलं. ज्योत्स्ना केंद्रावर न जाता सरळ घरी गेली. झाकण नीट न बसणारा तो डबा तिनं स्वयंपाकघराच्या फळीवर अनारशांच्या डब्याशेजारी ठेवला आणि कणकेत हात घातला.

काल, ऐन मंडईच्या दिवशी, ती पुऱ्या तळत असताना सोनीबाईचा फोन आला. सोनीबाई नदीपलीकडच्या टोल्याची, छोट्या वस्तीची, आशा सेविका. तिच्याकडच्या तपासणीच्या किट संपल्या होत्या, म्हणून सुकलूच्या पोरीचं, दिव्याचं, रक्त काचेवर घेतलं होतं. पोरीचा ताप उतरत नव्हता. स्लाईड पाहिली काय, असं सोनीबाईनं विचारलं. कढईत पुरी लाल होत होती, बाहेरून कोणी पाणी मागत होतं, सासू तिसऱ्यांदा हाक मारत होती.

"पाह्यली," ज्योत्स्ना म्हणाली. "काई निघालं नाई."

जेवणं उरकली की केंद्रावर पळत जाऊन पाहून येऊ, असं तिच्या मनात होतं. जेवणं उरकली तेव्हा दुसरे पाव्हणे जीपमधून उतरत होते.

आणि आता, केंद्रात, त्या पोरीची काच तिच्या हातात होती. नाव ठळक होतं. थेंब नव्हता.

ती खुर्चीवरून उठली. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. सुकलू चालवत होता. मागे सोनीबाई, आणि त्या दोघांच्या मध्ये फडक्यानं बांधलेली दिव्या. पोरीची मान एका बाजूला पडली होती. घरी झटका आला होता, असं सुकलू सांगत होता, आणि सांगताना चप्पल शोधत होता. ती त्याच्या पायातच होती.

ज्योत्स्नानं बोटातून रक्त घेतलं. दिव्याचं बोट सुईनंही हललं नाही. डॉक्टरांनी किट लावली आणि ते सलाईनची तयारी करायला लागले. किटवर हिवतापाची रेघ उमटली तरी ज्योत्स्नानं काच रंगवली आणि डोळा भिंगाला लावला. जिकडे पाहावं तिकडे बारीक निळ्या अंगठ्या, एकेका पेशीत दोन-दोन. इतके जंतू तिनं आजवर एकाही काचेवर पाहिले नव्हते. हे कालही होते. परवाही असणार. कोणीही पाहिलं असतं तर दिसले असते.

इंजेक्शन गेलं. ॲम्ब्युलन्स निघाल्याचा निरोप आला. सोनीबाई पोरीच्या उशाशी उभी होती. काल मॅडमनं काच साफ आहे असं सांगितल्यावर आपण सुकलूला म्हटलं, साधा ताप आहे, गोळी दे, दवाखान्यात कशाला नेतोस, असं ती डॉक्टरांना सांगत होती. काल हिवताप नव्हता तर आज एवढा कुठून आला, हे तिला कळत नव्हतं.

"सोनीबाई," ज्योत्स्ना म्हणाली, "मी काच पाह्यलीच नव्हती. आज काढल्या त डब्यातल्या साऱ्याच मुंग्याईनं खाल्ल्या होत्या."

सुकलूनं तिच्याकडे पाहिलं, मग सोनीबाईकडे. त्याला नीट कळलं नसावं, किंवा कळूनही ते धरता येत नसावं.

"मंग पाह्यली काऊन म्हणाली जी?" सोनीबाईनं विचारलं. आवाज चढवला नव्हता. ती खरंच विचारत होती.

पुरी लाल होत होती, हे सांगण्यासारखं नव्हतं.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा दिव्यानं डोळे उघडले. ओठ हलले. "येर," ती म्हणाली. सोनीबाईनं चमच्यानं पाणी पाजलं. पोरीनं ते गिळलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा श्वास सोडला. सुकलू पोरीबरोबर गडचिरोलीला गेला. सोनीबाई मात्र व्हरांड्यातच थांबली.

"टोल्यात अजून तापाचे लोक हायेत," ती म्हणाली. "त्याईचं रक्तबी मुंग्याईनंच खाल्लं ना? चाल मंग."

ज्योत्स्ना नव्या काचा बॅगेत भरत होती, तेव्हा प्रवीण तिला न्यायला आला. पाव्हणे उद्याही राहणार होते आणि आज मटणाचा बेत होता. आई वाट पाहून राह्यली, तो म्हणाला.

"सैपाक मी करत नाई," ज्योत्स्ना म्हणाली. "आईले सांगा. तुमी करा, नाईतर पाव्हण्याईले करू द्या."

प्रवीण हसला. मग त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. तो काचा भरायचा थांबला नव्हता. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, त्याला ते काढता येईना.

मागून डॉक्टर आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला बाजूला घेऊन समजावलं, की मुंग्यांनी काचा खाल्ल्या हे तर खरंच आहे, वर तेवढंच कळवू. फोनवरचं कोणाला सांगायची गरज नाही, सोनीबाईशी मी बोलतो. पोरगी वाचेल असं दिसतंय. तुम्ही फक्त हा हंगाम दोन्हीकडचं सांभाळून घ्या, माझ्याकडे दुसरं माणूस नाही.

ती सवयीनं मान हलवणार होती. मान अर्धी खाली आलीही. व्हरांड्यात सोनीबाई उभी होती, तिच्याकडेच पाहत.

"नाही सर," ज्योत्स्ना म्हणाली. "मुंग्या नंतर आल्या. आधी मी खोटं बोलले, ते कळवा. आज टोल्यातल्या सगळ्यांच्या काचा घेऊन येते, तपासते, आणि मग ते केंद्र सोडते. दोन केंद्रं मला जमत नाहीत. वर्षभर जमत नव्हती."