तिकिटाची मागची बाजू

वासुदेवरावांनी तिकीट चिमट्यात धरून दिव्याखाली नेलं आणि डोळ्याला भिंग लावायच्या आधीच किंमत सांगून टाकली.

"दोन रुपये, अक्का. तेही कुणी घेणारा भेटला तर."

बंगळुरात, चिकपेटातल्या साड्यांच्या ठोक दुकानांवर, पहिल्या मजल्यावर त्यांची जुन्या टपाल तिकिटांची खोली होती. हल्ली मोबाइलवर कसलेतरी व्हिडिओ बघून लोक लाखाच्या आशेने जिना चढत आणि दोन रुपये ऐकलं की त्यांच्यावरच डाफरत. म्हणून ते आधीच सांगून मोकळे होत.

समोरची बाई, शिवलीला, डाफरली नाही. येलहंक्याहून दोन बस बदलून ती आली होती आणि अजून धाप टाकत होती.

"मला विकायचं नाही ओ," ती म्हणाली. "शिक्का कुठल्या गावचा हाय, तेवढं सांगा."

वासुदेवरावांनी प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. पन्नाशी ओलांडलेली, हातात वहीचं एक पिवळं पान. पानावर तिकीट लावायची रिकामी चौकट होती आणि खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: सुरजचे पत्र, १९९५.

"सुरज कोण?"

"धाकटा भाऊ. आप्पांशी भांडून घर सोडलं, परत आला नाही. एक पत्र आलं, त्यावर पत्ता नव्हता." शिवलीला म्हणाली. मग तिने उरलेलंही सांगून टाकलं. थोरला भाऊ महांतेश इथेच इस्पितळात होता. रक्ताचा कॅन्सर. सख्ख्या भावंडाचा मज्जारस जुळला तर वाचेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तिचा जुळला नव्हता. बाहेरचंही कुणी जुळलं नव्हतं. दादाने तर हात टेकले होते, पुढची सलाईन लावूनच घेणार नाही म्हणाला होता. सुरजचा माग लागतोय म्हटल्यावर उद्याच्या सलाईनला कसाबसा तयार झाला.

"आता हेवढंच हाय बघा हातात," ती म्हणाली.

बोटाच्या पेराएवढं तिकीट. एक रुपयाचं, गांधींचं. त्या काळी घरोघरी येणाऱ्या पाकिटांवर असायचं तेच. वासुदेवरावांना उगाच स्वतःचा राग आला.

"स्वल्प थांबा. बघतो."

त्यांनी भिंग लावलं. शिक्का अर्धाच उमटला होता. तारीख स्वच्छ होती, दिवाळीनंतरची. गावाचं नाव मात्र तिकिटाच्या बाहेर गेलं होतं.

"नाव पाकिटावर पडलं असणार. पाकीट कुठाय?"

"आप्पा ठेवत नव्हते. घरात पत्र आलं की तिकीट बशीत भिजवायचं, सुकवायचं, वहीत लावायचं. पाकीट चुलीत. त्यांना नादच होता तेवढा." तिचा आवाज चिरका झाला. "कसलं तरी यंत्र असंल की तुमच्याकडं. एक अक्षर तरी निघंल."

यंत्राने न उमटलेलं अक्षर निघत नाही, हे तिला सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. निदान काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून त्यांनी तिकीट उलटं केलं. सवयीने कलतं करून उजेड घेतला.

मागची बाजू चकाकली.

त्यांनी भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. डिंक शाबूत होता, कडेपासून कडेपर्यंत. वहीची कागदी पट्टी लागली होती तेवढाच ठिपका निघाला होता. भिजवून काढलेल्या तिकिटावर डिंक राहत नाही. हे तिकीट कधी पाकिटाला चिकटलंच नव्हतं.

"अक्का, आप्पा काय करायचे?"

"गावच्या पोस्टात होते. शिक्के मारायला."

"ते पत्र तुम्ही वाचलंत?"

"मी सासरी होते, दादा इकडं नोकरीला. आईला वाचता येत नव्हतं. सुरज गेल्यापासून तिनं अन्न सोडलं होतं. आप्पांनी पत्र आणलं, वाचून दाखवलं, तवा कुठं जेवली. रोज वाचून घ्यायची. मग तिच्या चितेवरच ठेवलं त्यांनी..."

बोलता बोलता ती वासुदेवरावांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. त्यांनी दिवा जवळ ओढला आणि तिकीट तिच्यासमोर उलटं धरलं. लहानपणी तिनेही बशीतली तिकिटं सुकवली होती. तिने त्या चकाकीवर बोट टेकलं, बोट ओलं होतं घामाने, आणि उचललं तेव्हा तिकीट बोटाला चिकटून वर आलं.

ती त्या बोटाकडे बघत राहिली. वासुदेवरावांना वाटलं, खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं. पण आता उशीर झाला होता.

"म्हणजे त्यानं लिहिलंच नाही," ती म्हणाली. "कधीच."

पर्समधला फोन वाजला. तिने डाव्या हाताने कानाला लावला. पलीकडचा आवाज खोल गेलेला होता, पण खोली लहान होती आणि वासुदेवरावांना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"शिवा, लागलं का काय?"

तिची नजर खाली वळली. गल्ल्यावर कुणा गिऱ्हाइकाची चार-दोन जुनी पाकिटं पडली होती. वरच्या पाकिटावरचा शिक्का गोल, काळाभोर, अक्षर न् अक्षर उठलेला.

"रत्नागिरी," शिवलीला म्हणाली.

"नक्की?"

"नक्की, दादा. भिंगातनं बघितलं मी."

"तारीख दिसती का?"

ती अडखळली. वासुदेवरावांनी तिच्या बोटावरचं तिकीट चिमट्याने हलकेच सोडवून घेतलं, भिंग लावलं आणि तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात तारीख वाचायला सुरुवात केली.