हाडाजवळची दोरी

केळीच्या गरम कापांवर मीठ भुरभुरून आईने हात पुसले, पदर बाजूला केला आणि म्हणाली,

"तृप्ती, इथे हात लाव जरा."

तृप्तीने एक हात पुस्तकातल्या ओळीवर तसाच ठेवून दुसरा पुढे केला. आईच्या छातीच्या मधल्या हाडालगत एक कडक उभी दोरी होती, जन्मापासूनची. राजपुऱ्यातल्या बाया हसायच्या, "कमलबाई, देव तुला शिवून दोरा तोडायचा विसरला!"

"दोरीच आहे तुझी."

"तिच्या बाजूला बघ."

"आई, तीच आहे गं."

आईने पदर सारखा केला. "असेल. तू एवढं वाचतेस."

चौदा महिन्यांनी ऑपरेशन करून सर्जन बाहेर आले, ते मोबाईलवर फोटो उघडूनच.

"हा जादा स्नायू. क्वचित कुणाला असतो, पण त्रास काही नाही. इतक्या वर्षांत मी दुसऱ्यांदाच बघतोय." त्यांचा चेहरा उजळला होता. "गाठ याच्या शेजारीच होती. फार उशिरा आलात. फोटो विद्यार्थ्यांना दाखवला तर चालेल?"

"नाही."

"नाव येणार नाही त्यात."

"नाही म्हटलं ना!" तृप्ती इतक्या जोरात ओरडली की वॉर्डातली नर्स दारात आली.

त्यानंतर ती ओरडतच राहिली. सर्जनवर, रिपोर्ट उशिरा देणाऱ्यांवर, इंदूरला न्यायला दोन आठवडे घालवले म्हणून बाबांवर. आई सहा महिने जगली. तिच्यावर मात्र तृप्तीने एकदाही आवाज चढवला नाही, आणि आईनेही केळीच्या कापांच्या त्या दुपारचा विषय कधी काढला नाही.

तेरवीच्या पंगतीत मनकर्णा आत्या वरणासाठी भातात आळं करत म्हणाली,

"वहिनीनेच लपवलं. दुखणं अंगावर काढायची आदतच होती तिला. अगं, मग घरातली माणसं कशाला असतात?"

"लाजली असेल," बाबा ताटात बघत म्हणाले.

तृप्तीने वरणाची बादली फरशीवर आदळली. वरण आत्याच्या लुगड्यावर उडालं.

"मेली तरी तिचीच चूक?"

"अगं, हळू. लोक बसलेत."

"बसू देत. लपवलं नव्हतं तिने. मला सांगितलं होतं. माझी बोटं त्या गाठीवर होती, आत्या, आणि मी पुस्तकातून मान वर केली नाही."