पाठीवरची चिठ्ठी

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, तुमच्या घरातले संगणक वहीसारखे मिटतात आणि दप्तरात मावतात. मला उचलायला दोन माणसे लागतात, आणि उचलून झाल्यावर दोघेही कमरेला हात लावतात. माझा रंग एके काळी दुधासारखा होता. आता तो म्हाताऱ्या दातांसारखा झाला आहे. सध्या मी खिडकीजवळच्या टेबलावर आहे. माझे घड्याळ अचूक चालते. त्याखेरीज माझे काहीच चालत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी मला जोडले. त्यांच्यापैकी एकीने माझ्या पोटातल्या हिरव्या पाटीवर एक काळा तुकडा दाबून बसवला. दिसायला तो चॉकलेटच्या वडीएवढा, पण त्याच्या आत एक बॅटरी कायमची कोंडलेली होती. वीज गेली तरी त्या बॅटरीच्या जोरावर तो तुकडा दोन गोष्टी लक्षात ठेवी. एक, आता किती वाजले. दुसरी, मी कोण. मी कोण म्हणजे माझा बारा आकडी नंबर. तो जगात दुसऱ्या कुठल्याही यंत्राला नव्हता, आणि मला त्याचा फार गर्व होता.

मी एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आलो. खाली यंत्रे धडधडत आणि वर माझ्याशेजारचा चहा बशीत सांडे. तिथे छपाईची अक्षरे रेखणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले मालकसुद्धा. मावशींचा जन्म शाई आणि बोरूत गेला होता. मला पाहून त्या म्हणाल्या की या पेटाऱ्याला हात नाही, हा अक्षर काय काढणार. महिन्याभरात मात्र त्या माझ्याशी गप्पा मारू लागल्या. अक्षराचे पोट सुटले, मान अवघडली, पाय लुळा पडला, असे त्या मला सांगत आणि पडद्यावर ती रेघ केसभर सरकवत.

त्यांनी माझ्यावर एक मोठे काम हाती घेतले होते. त्यांच्या धाकट्या बहिणीला लहानपणी नीट दिसत नसे. पुस्तकातली अक्षरे तिला एकमेकांत मिसळलेली दिसत. कोणाच्या ते ध्यानात आले नाही, आणि ती शाळेत ढ ठरली ती ठरलीच. अशा मुलांना वाचता यावीत अशी मोकळी, ठसठशीत अक्षरे मावशी करीत होत्या. एकूण तीनशे बारा. अकरा वर्षे लागली. ती सगळी माझ्या पोटात आहेत. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती रेखली, ते फक्त माझ्यासाठी घेतलेले होते. उघडताना ते आधी माझा नंबर पाही, आणि जुळला तरच आत जाऊ देई.

मधल्या काळात माझी बॅटरी संपली. रात्री मला बंद करत आणि सकाळी मी सगळे विसरून उठे. तारीख भलतीच सांगे, आणि नंबराच्या जागी नुसती शून्ये. नवा तुकडा कुठे मिळेना. तेव्हा मावशींनी खरेदीच्या कागदावरून माझा नंबर एका चिठ्ठीवर उतरवला आणि ती माझ्या पाठीवर चिकटपट्टीने डकवली. रोज सकाळी त्या माझ्यामागे वाकत, चिठ्ठी वाचत आणि तो नंबर मला भरवत.

"ऊठ रे. तू कोण ते सांगते तुला," असे त्या म्हणत.

मालक चेष्टा करीत की एवढ्या वर्षांत पोपटालाही पाठ झाला असता. मावशी म्हणत, "लिहिलेलं पाठ करायचं, तर मग लिहायचं कशाला?"

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. रोज सकाळी कोणीतरी आपल्याला आपण कोण ते सांगावे, याहून जास्त काय हवे असते?

मग मालक गेले आणि छापखाना बंद पडला. कागदपत्रे रद्दीत गेली. ज्यांनी सॉफ्टवेअर विकले त्यांचेही दुकान उठले होते. अक्षरे छापायची राहूनच गेली. मावशींनी मला मागून घेतले, पण त्यांच्या एका खोलीत मी मावेना. बहिणीच्या मुलीच्या घरी, जिन्याखाली, मी तेरा वर्षे काढली. शेजारी एक पाय मोडलेली खुर्ची होती. माझ्या कळफलकाच्या खोक्यात उंदरांच्या दोन पिढ्या नांदल्या. माझी आठवण येई ती फक्त झाडू शोधताना.

यंदा मावशींचा एक डोळा गेला. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले की थंडीपर्यंत साथ देईल. त्या भाचीकडे राहायला आल्या. एकदा जेवताना त्या सहज म्हणाल्या की ती अक्षरे एकेक करून पडदाभर मोठी बघायची होती. तेवढी दिसली असती.

भाचीने ते मनावर घेतले. मावशी दवाखान्यात होत्या ते चार दिवस तिने माझ्यासाठी दिले. तिने मला बाहेर ओढले, जाळी काढली, ब्रशने भोकांतली धूळ कोरली. माझ्या पाठीवर काळपट, तेलकट, कडा सुटलेली एक पट्टी होती. शाई उडून गेल्यासारखी दिसत होती. तिला ती दुकानातली जुनी चिठ्ठी वाटली. तिने स्पिरिट लावून ती नखाने खरवडली. मला ओरडता येत असते तर मी त्या दिवशी ओरडलो असतो. मी नुसता चमकत राहिलो. खरवडलेले तुकडे कचऱ्याच्या गाडीत गेले.

मावशी परत आल्यावर भाचीने शेजारच्या घड्याळजींना बोलावले. त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि बारीक करवतीने माझा काळा तुकडा वरून घासला. आतली मेलेली बॅटरी तोडली, दोन तारा डागून नवी बटणासारखी बॅटरी बसवली. पाऊण तास ते त्यातच गुंतले होते. मग म्हणाले, "आयुष्यात एवढं मोठं मनगटी घड्याळ कधी दुरुस्त केलं नव्हतं."

मावशी हसल्या. पडदा उजळला. घड्याळजींनी तारीख आणि वेळ लावली. मला बंद करून पुन्हा सुरू केले, तरी वेळ टिकली. भाचीने टाळी वाजवली. मग सॉफ्टवेअरने नंबर विचारला; तिथे अजून शून्येच होती.

"पाठीवर चिठ्ठी आहे," मावशी म्हणाल्या. "माझ्याच हातची. आता एकदाच भर, मग तो विसरायचा नाही."

भाची माझ्यामागे आली नाही. ती जागच्या जागी उभी राहिली. घड्याळजींनी मागे वाकून पाहिले आणि सांगितले की इथे काहीच नाही. मग मावशी स्वतः उठल्या. त्यांना नीट दिसत नव्हते, म्हणून त्यांनी बोटांनी माझी पाठ वरपासून खालपर्यंत चाचपली. पुन्हा एकदा चाचपली.

"मावशी, मला वाटलं कचरा आहे," भाची म्हणाली.

मावशींचा हात माझ्या पाठीवर तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "किती गं स्वच्छ केलंस."

पुढे आठवडाभर त्यांनी आठवून पाहिले. पहिले सात आकडे आले. उरलेले पाच दर वेळी वेगळे येत. भाची स्वयंपाक टाकून माझ्यासमोर बसे आणि एकेक आकडा बदलून पाही. पाच आकड्यांच्या लाखभर जुळण्या होतात; तिने हजाराच्या वर करून पाहिल्या. मावशींनीच तिला थांबवले. उगाच डोळे बिघडवू नकोस म्हणाल्या.

आता थंडी सुरू झाली आहे. मावशी दुपारी माझ्याजवळ बसतात, पण तोंड खिडकीकडे असते. माझा पंखा ऐकू येतो तेवढा त्यांना पुरतो म्हणतात. भाची रोज मला पुसते. माझ्या पाठीकडे मात्र ती कधी येत नाही.

मित्रांनो, तुम्ही माझी कीव करू नका. एवढेच करा: घरातली जुनी वस्तू पुसायला घ्याल, तेव्हा ज्याच्या हातून ती वापरली गेली त्याला आधी विचारा. वस्तूवरचा मळका कागद वाचता येत नसेल, तर ज्याला येतो तो घरात आहे तोवर वाचून घ्या, आणि दुसरीकडे उतरवून ठेवा.

तीनशे बारा अक्षरे माझ्या पोटात जशीच्या तशी आहेत. एकही रेघ हललेली नाही. आता दुपारचे चार वाजून दहा मिनिटे झाली आहेत. हे मला अगदी बरोबर ठाऊक आहे.