सातवी गाठ

तंबू घ्यायचा ठरला तेव्हा घरात सगळ्यांनी मोबाईल काढले आणि मी जुन्या लुगड्याचा काठ काढला.

मोबाईलमधल्या तंबूत माणसं नेहमी सडपातळ आणि हसरी असतात. आमच्या घरची माणसं तशी नाहीत. माझा शुभम निजला की दोघांची जागा खातो. जावई झोपेत लाथा झाडतात, असं माझी लेक वंदना सांगते. आणि नात समृद्धी निजते पूर्वेला डोकं करून अन् उठते पश्चिमेला. मोबाईलवर लिहिलेलं ‘सहा जणांचा’, ‘आठ जणांचा’ हे मी कसं मानावं? लिहिणाऱ्यानं आमचं घर पाहिलं आहे का? मी चौथीपर्यंत शिकले, पण एवढं मला कळतं.

म्हणून मी छतावर वाकळी अंथरल्या. सगळ्या माझ्या हातच्या शिवलेल्या, सगळ्यांची रुंदी सारखी. एक वाकळ, मध्ये चार बोटं जागा, लुगड्याच्या काठाला एक गाठ. मग दुसरी. असं करत शेवटपर्यंत गेले आणि काठ गुंडाळून कमरेला खोचला.

“झालं माप,” मी खाली येऊन सांगितलं. “सहा गाठी. आता ज्याले मोबाईल पाहायचा त्यानं पाहावा.”

चैत्र लागला की तांदुळा धरणाच्या काठी दोन दिवस राहायचं, हे शुभमच्या डोक्यातून निघालं. मला धरणाचं काही नव्हतं. पाणी काय, घरी नळालाही येतं. मला एकच गोष्ट पाहायची होती. आमच्या घरची सगळी माणसं एका छपराखाली, एका वेळी झोपलेली. हसू नका. एक्केचाळीस वर्षं झाली लग्नाला, हे मी एकदाही पाहिलं नाही.

शुभमच्या बाबांचं नाव मी एकदाच घेतलं, लग्नात उखाण्यात. आता लिहायचंच आहे तर लिहिते, रामाजी. स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, सदतीस वर्षं काढली यांनी. एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार, एक आठवडा रात्र. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरच्या क्वार्टरात आमच्याकडे माणसांपेक्षा अंथरूण नेहमी एक कमी असायचं. लागायचंच नाही. एक जण ड्यूटीवर. तो सकाळी यायचा तेव्हा दुसरा उठून गेलेला असायचा. त्याच उबदार वाकळीत हा शिरायचा. पुढं शुभमही प्लांटमध्ये लागला आणि बापलेक एका खाटेवर पाळीपाळीनं निजू लागले. अंथरुणाला थंड व्हायला कधी मिळालंच नाही.

आता यांना रिटायर होऊन पाच वर्षं झाली. ड्यूटी सुटली, पण झोप परत आली नाही. सगळे निजले की हे छतावर जातात. प्लांटकडं स्लॅग, लोखंडाचा वितळलेला मळ, ओतला की आभाळ लाल होतं, ते पाहत बसतात. दिवसा खुर्चीत डुलक्या काढतात. अंथरुणावर म्हणून पाठ टेकत नाहीत. मला वाटायचं, एकदा घराबाहेर, प्लांटच्या उजेडापासून लांब, सगळी लेकरं आजूबाजूला असली तर लागेल यांचा डोळा. एकदा लागला तर पुन्हा लागेल. हे मी कोणाला बोलले नाही. मी काय कोणापाशी रडगाणं गाणारी आहे?

रविवारी दुपारी जेवणं करून आम्ही सिविक सेंटरच्या बाजारात गेलो. शुभम रात्रपाळी करून आला होता, डोळे लाल. वंदना आणि जावई हर्षल जामुलहून गाडीवर आले. दुकान भय्याजीचं. खाली शाळेची दप्तरं, रेनकोट, बूट. तंबू त्यानं छतावर लावून ठेवले होते. दुकानामागं मोठा कडुलिंब, त्याची अर्धी सावली छतावर. मोहर आला होता. वर पाय ठेवला आणि त्या गोड-कडू वासानं मला क्षणभर कुठं आले तेच कळेना. रंगीत कापडाची पाच-सहा घरं वाऱ्यावर हळूहळू फुगत होती, बसत होती, जशी जनावरं रवंथ करत बसावी. खालचा ऑटोंचा आवाज लांबून येत होता, दुसऱ्या गावातून यावा तसा.

भय्याजीनं पहिला तंबू दाखवला. बुटका, निळा.

“ये चार लोगों का है, माँजी.”

“चार आदमी या चार नींबू?” मी विचारलं.

“सटके सोयेंगे न, माँजी, एक-दूसरे से चिपकके.”

“यहाँ बहू है, ससुर है, जमाई है. सटके कौन सोयेगा? तू?”

सून दामिनीनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती, पण माझ्या बोलण्यानं तिच्या जिवात जीव आला हेही मला दिसलं. सासऱ्यासमोर पाय सरळ करून निजायची आमच्यात रीत नाही. रात्रभर पोरगी गुडघे पोटाशी घेऊन पडली असती.

दुसरा तंबू जाड कापडाचा, खिडकी नावाला. मी नुसता हात आत घातला.

“हा तंबू नाही, कुकर आहे. तीन शिट्ट्या झाल्या की आमाले बाहेर काढाल का?”

“आई, पाण्याचा आहे तो, बारिशमें काम आयेगा,” शुभम म्हणाला.

“चैत्रात जाऊन राहिलो ना आपण? का पाऊस तूच घेऊन येतो संगं?”

तिसरा बरा होता. फिक्कट पिवळा, चारही बाजूंना जाळी, खाली कापडाचीच जमीन शिवलेली, म्हणजे विंचूकाट्याची भीती नाही. आत मधोमध पडदा. आत गेलं की उभं राहता येईल एवढा उंच, पण दार मात्र कमरेइतकं. चेन उघडायची आणि वाकून आत जायचं.

“मी वाकत नाही,” मी म्हटलं. “वंदना, तू जा. काठ लाव.”

वंदनानं आत जाऊन लुगड्याचा काठ ताणला. काठाचं टोक या भिंतीला, सहावी गाठ त्या भिंतीला. एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही.

“माय, तू तर इंजिनियर व्हायला पाहिजे होतं!” ती आतून ओरडली.

माझी मान ताठ झाली, हे खोटं कशाला सांगू? मोबाईलवाल्यांनी मोबाईल खिशात घातले.

तेवढ्यात माझं लक्ष यांच्याकडं गेलं. हे तंबूंकडं पाहतच नव्हते. कोपऱ्यात एक घडीची खुर्ची होती, ती उघडून, बसून, उठून, पुन्हा बसून पाहत होते.

“अवो, आपण तंबू घ्यायले आलो,” मी म्हटलं. “खुर्ची घरी कमी आहे का तुमाले? तिथंबी खुर्चीच घेऊन बसता?”

हे खुर्चीच्या दांडीवरून हात फिरवत राहिले.

मी लोकांना जागा वाटायला लागले. कोण कुठं निजेल हे आधीच ठरलेलं बरं, मग तिथं भांडण नाही. “पडद्यापलीकडं दामिनी, वंदना, मधात समृद्धी. अलीकडं जावईबापू, मग शुभम, मग मी. झाले सहा. बांध रे भय्याजी.”

समृद्धी बोटांवर मोजत होती. सहा वर्षांची आहे, बोलते सगळं हिंदीत, फक्त ‘आजी’ अन् ‘आबा’ तेवढं मराठीत.

“आजी, गलत गिना आपने.”

“मी चुकत नसते.”

“आबा?” ती म्हणाली. “आबा कहाँ सोयेंगे?”

कडुलिंबाचा मोहर कापडावर पडत होता, त्याचा आवाज मला आला. टप, टप, अगदी बारीक.

मी काठाकडं पाहिलं. सहा गाठी. माप घेतलं तेव्हा घरच्या छतावर मी एकटीच होते, कोणी घाई करत नव्हतं, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांचीच वाकळ माझ्या हातांनी अंथरली नव्हती. हातांनी मला विचारलंच नाही. एक जण ड्यूटीवर, हे हातांना एक्केचाळीस वर्षं पाठ होतं.

“काही नाही रे बेटा,” हे समृद्धीला म्हणाले. “मी बाहेर बसीन ना. म्हणून तर खुर्ची पाहून राहिलो.”

“कोणी सांगतलं बाहेर बसा म्हणून?” माझा आवाज चढला.

“तू सहा गाठी बांधल्या तवाच समजलो मी. मले वाटलं, तूच ठरवलं. बरोबरच आहे. मले झोप येते कुठं? कावून जागा अडवायची?”

“गाठी बांधून चार दिवस झाले! तुमी बोलले कावून नाही?”

“तुले कोणी काय बोलावं?” हे हसून म्हणाले. त्यात राग नव्हता. तेच तर लागलं मला.

घरात माझ्या तोंडून ‘चुकले’ असा शब्द आजवर कोणी ऐकला नाही, आणि त्या दिवशीही ऐकला नाही. मी वंदनाच्या हातून काठ घेतला. वीतभर, हातभर पुढं मोजलं आणि सातवी गाठ बांधली. जुनं सूत, जोर लावला तर तुटलं असतं. हळूच आवळली.

“भय्याजी, इससे बड़ा दिखाव.”

मोठा तंबू छताच्या टोकाला होता, कडुलिंबाच्या सावलीत. तसाच पिवळा, तसाच पडदा, जाळ्या अजून मोठ्या. दार मात्र तेवढंच बुटकं. वंदनानं काठ लावला. सात गाठी मावल्या, वर दोन विती उरल्या.

“फिट आहे आई,” शुभम जांभई देत म्हणाला. “ले लेते हैं.”

“मले आता मापावर भरोसा नाही. निजून पाहा सगळे. भय्याजी, चालतं का?”

“सोइये माँजी, आपका ही घर है,” तो म्हणाला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून खाली गेला.

एक एक जण चपला काढून आत गेला. दामिनी, समृद्धी, वंदना पडद्यापलीकडं. जावईबापू कडेला. शुभम तर आडवा झाला तो घोरायलाच लागला. हे दाराशी बसले, खुर्चीत बसावं तसे ताठ.

“तिथं नाही,” मी बाहेरून म्हटलं. “शुभमच्या बाजूनं निजा. दाराशी मी राहीन.”

“मधात?”

“हो, मधात.”

यांनी माझ्याकडं पाहिलं. मग हळूच सरकले आणि पाठ टेकली. हात कुठं ठेवावे हे त्यांना कळेना. छातीवर ठेवले, मग बाजूला, मग पुन्हा छातीवर.

मी बाहेर उभी. दार कमरेइतकं. सासूच्या दारात वाकले नाही, साहेबाच्या बायकोपुढं वाकले नाही, क्वार्टर सोडायच्या दिवशी शेजारणी रडल्या तेव्हाही मान वर होती. आतून समृद्धी म्हणाली, “आजी, आओ ना.” मी पदर खोचला, गुडघ्याला हात लावला आणि वाकले.

आत उजेड वेगळाच होता. पातळ हळदीच्या दुधासारखा. कडुलिंबाच्या पानांच्या सावल्या कापडावर पोहत होत्या. वारा एका जाळीतून यायचा, सगळ्यांवरून जायचा आणि दुसऱ्या जाळीतून निघायचा. तंबू श्वास घ्यायचा, सोडायचा. मला सेक्टरचं अंगण आठवलं. उन्हाळ्यात संध्याकाळी पाणी शिंपडून खाटा टाकायचो आणि एका खाटेएवढी जागा रिकामी, तिथं समोरच्या घरचं मांजर येऊन बसायचं. सदतीस वर्षं यांच्या अंगाला कोळशाचा वास होता. आता नुसता साबणाचा आहे. तो वास कधी गेला, माझ्या लक्षातही आलं नाही.

“शुभमची माय,” हे हळूच म्हणाले.

“काय?”

“इथून भट्टीचा आवाज येत नाही.”

“नाही.”

“हं.”

पडद्यापलीकडं वंदना-दामिनीचं कुजबुजणं चाललं होतं, ते थांबलं. जावयांनी एक लाथ झाडली, शुभमला लागली, त्याला पत्ता नाही. यांचे हात छातीवरून घसरले. एक माझ्या वाट्याच्या जागेत आला. मी तो तिथंच राहू दिला. श्वास लांब व्हायला लागला. मी मोजत होते. शुभमचा एक, जावयांचा दोन, यांचा… पानांच्या सावल्या एकमेकींत मिसळत होत्या. यांचा तीन. आता पडद्यापलीकडचे मोजायचे होते. समृद्धीचा…

“माँजी.”

उजेड पिवळ्याचा केशरी झाला होता. दाराच्या जाळीपलीकडं भय्याजी उकिडवा बसला होता, हातात चहाचे ग्लास ठेवलेली तारेची जाळी.

“मैं दो बार आके गया, माँजी. आप लोग उठे ही नहीं.”

“कोण कोण झोपलं होतं?” मी विचारलं. मराठीतच विचारलं, पण त्याला समजलं.

“सब. सात के सात. मैंने गिना न, इतने में ताला लगा दूँ तो पूरा परिवार अंदर!”

“पक्का गिना?”

“पक्का. सात.”

मी मान वळवली. हे अजून झोपले होते. तोंड उघडं, एक पाय शुभमच्या पायावर, जशी लहान पोरं निजतात तसे. मला पाहायचं होतं ते झालं आणि मीच पाहिलं नाही. या दप्तरं विकणाऱ्यानं पाहिलं.

“यही बाँध दूँ, माँजी? और वो कुर्सी भी?”

“कुर्सी नको,” मी म्हटलं. “आणि हळू बोल जरा. चहा तिथंच ठेव. थंडा झाला तर होऊ दे.”