उचलबांगडी

भोंग्याला बोलताना थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. सत्तरी उलटली तरी आवाज तोच, आणि तोरा तर त्याहून वाढलेला. फुटबॉलच्या जुन्या मैदानात, गोलामागच्या उघड्या पायऱ्यांवर उभं राहून त्याने जन्मभर घसा फोडला होता. आता तिथे खुर्च्यांचं नवं स्टेडियम झालं होतं आणि जुन्या प्रेक्षकांच्या आठवणी आतल्या लांब भिंतीवर रंगवून घ्यायचं क्लबच्या मनाने घेतलं होतं. म्हातारे सांगत होते आणि शिडीवरची रंगारीण ऐकून ऐकून अक्षरं काढत होती.

तिला हे काम नकोच होतं. या मैदानाचं नाव काढलं तरी तिचं डोकं फिरायचं. ती शाळेत असताना वडील इथे सामना बघायला आले, ते परत आले चादरीत गुंडाळून. फाटकाशी चक्कर येऊन पडले, एवढंच घरी कळलं. एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. मेलेल्या माणसाचा बूट चोरणाऱ्याच्या नावाने आई शेवटपर्यंत बोटं मोडत राहिली.

"आता माझा किस्सा घे, पोरी," भोंगा म्हणाला. "पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नसायची. कुणी पिऊन कोसळला तर बाहेर नेणार कुठून? मग उचलबांगडी! डोक्यांवरून, हातोहात, पार खाली मैदानापर्यंत. आणि गाणं माझं."

शेजारचे दोघे म्हातारे आधीच खिदळायला लागले. किस्सा त्यांना तोंडपाठ होता.

"एकदा एक ढेरपोट्या सापडला. नुसतं धूड! छाती धरून बसलाय, घामाने निथळतोय, डोळे पांढरे. टाकला वर. बेटा वरून विनवतोय, 'अरे, खाली ठेवा मला, खाली ठेवा.' मी त्याचंच गाणं केलं! सगळ्या पायऱ्या गायला लागल्या, खाली ठेवा, खाली ठेवा! तेवढ्यात आपला गोल झाला. सगळ्यांनी हात उडवले, तसा हाही उडाला! त्याचा बूट येऊन पडला माझ्या डोक्यात. नाडी कसली, तर हिरव्या लोकरीची! असला नग. मी तो बूट भिरकावला थेट त्यांच्या गोलकीपरवर."

तिघं हसून हसून बेजार झाले. रंगारणीचा ब्रश मात्र भिंतीवरच थांबला. नाडी तुटली म्हणून ती हिरवी लोकर तिनेच वेणीसारखी विणून वडलांच्या बुटात ओवली होती. हे बूट घालून मित्रांत मिरवणार, असं ते म्हणाले होते.

"पुढे काय झालं त्याचं?" तिने विचारलं.

"कुणाचं?"

"ढेरपोट्याचं."

"गेला असेल झिंगत घरी. आम्ही काय मागे जातो? सामना चालू होता."

ती शिडी उतरून त्याच्यासमोर उभी राहिली. "घरी आला. चादरीत. माझा बाप होता तो. दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही."

हसणं जागच्या जागी विरलं. भोंग्याचा चेहरा पडला, पण पडतं घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. "मला काय स्वप्न पडलं होतं? शेकडो हात होते वर. कुणाकुणाची मानगूट धरशील?"

"हात शेकडो होते. गाणं तुमचं होतं. आत्ताच म्हणालात."

"अगं, आम्हाला वाटलं..."

"तो काय म्हणत होता ते तुम्हाला नीट ऐकू येत होतं. अजून पाठ आहे तुम्हाला."

भोंग्याने दोस्तांकडे पाहिलं. एकाला अचानक चष्मा पुसायची घाई झाली. दुसरा तर दाराकडे निघालासुद्धा. इतकी वर्षं टाळ्या देणारे हे दोघे! "बरं, राहू दे हा," भोंगा म्हणाला. "दुसरा सांगतो. पावसातल्या फायनलचा."

"नाही. हाच."

ती पुन्हा वर चढली. तिने सगळं लिहिलं. गाणं, गोल, उडालेला माणूस, बूट, लोकर. त्याच्याच शब्दांत, काना-मात्रेचा फरक न करता. मग खाली स्वतःची एक ओळ घातली: 'तो प्यायलेला नव्हता. तो मरत होता.'

आणि तिने सांगणाऱ्याचं नाव लिहायला घेतलं, चांगलं ठळक.

"पूस ते," भोंगा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच जेमतेम शिडीपर्यंत पोहोचला. "रविवारी उद्घाटन आहे. माझी नातवंडं येणार आहेत, आजोबांचं नाव बघायला."

"येऊ देत की," ती वळूनही न बघता म्हणाली. "वाचता येतं ना त्यांना?"